गावातल्या कपाटासाठी पुस्तकं सांगा (स्पर्धापरीक्षा सोडून कायबी चालंल)

येलदरीकाठचा

रामराम मंडळी. गाव आमचं जिंतूर तालुक्यातलं, नाव सांगत नाही, नाहीतर सरपंच मलाच फोन करतील. तर झालंय असं की ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी होती, तिथं लोखंडी कपाट आणून ठेवलंय, अन् पुण्याला कंपनीत असणाऱ्या पोरांनी मिळून पंधरा हजार जमवलेत, त्याची आता पुस्तकं घ्यायची. यादी करायला बसलो तर ज्याला विचारावं तो तेच सांगतो, 'मृत्युंजय', 'छावा', 'अग्निपंख', अन् मग एमपीएससीचे ठोकळे. पहिली दोन आमच्या गुरुजींनी घरून आणून दिलीत, 'अग्निपंख' कुठल्या तरी सत्कारात वाटलेलं पडून आहे. ठोकळे तालुक्याच्या अभ्यासिकेत ढिगानं हायेत, ते नकोतच.

मला पाहिजेत बाकीची. शेती, आकाश, स्वयंपाक, इतिहास, पक्षी, देवधर्म, डॉक्टरकी, भुताखेताचं, कशावरचं बी चालंल, पण तुम्ही स्वतः वाचलेलं पाहिजे. आणि एक अट. नुसतं नाव फेकू नका, गावात ते पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायचं ते बी सांगा. आमच्याकडं सातवी-आठवीची पोरं हायेत, बचत गटवाल्या बाया हायेत, पारावरचे रिटायर लोक, कापूस-सोयाबीनवाले, दोन वारकरी, एक हॉटेलवाला जो पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचतो, अन् बारावी होऊन मोबाईल घेऊन बसलेली टाळकी.

उदगीरचे_गुरुजी

चांगलं काम करताय. आधी आपल्या मातीतलं घ्या, मग जगभर हिंडा, असं माझं मत आहे.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. १९७१ ची कादंबरी, छोटी आहे, दोन संध्याकाळीत होते. गावातल्या शिंप्याचं घर कसं उद्ध्वस्त होत जातं ते त्याची बायको सांगते, आणि सांगते ती आपल्या बोलीत. मी वर्गात दोन पानं मोठ्यानं वाचली की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करायची, कारण पुस्तकात असं बोललेलं असतं हेच त्यांना माहीत नसायचं. ही बचत गटवाल्या बायांना द्या, आणि शक्यतो एकीनं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची.

दुसरं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. लातूर जवळच्या धनेगावचं आत्मकथन, चोरीचा शिक्का मारलेल्या जमातीत जन्मल्यावर पोलीस, शाळा, गाव कसं वागतं ते. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. हे कोणाला द्यायचं म्हणाल तर तुमच्या गावच्या पोलीस पाटलाला, चेष्टा नाही करत.

प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' त्याच्या शेजारी ठेवा. आई-वडील लहानपणीच गेलेलं, भुकेनं व्याकूळ झालेलं पोर शिकत शिकत औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचतं. आवाज कुठेच चढत नाही आणि म्हणूनच ते जास्त लागतं. नववी-दहावीच्या पोरांना हे द्या.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' पुष्कळांनी शाळेत वाचलेली असेल, टोमॅटोचा भाव पडतो ती कथा. ज्यांना ती आठवते त्यांना 'जांभळढव्ह' हा कथासंग्रह द्या. आणि परभणीचे आसाराम लोमटे यांचं 'आलोक', त्याला २०१६ चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथा लांब आहेत, घाईच्या माणसाला नको, पण गावातलं राजकारण ज्याला कळतं त्याला प्रत्येक पान ओळखीचं वाटेल. तुमच्या हॉटेलवाल्याला द्या.

पळसखेडा_स्टँड

ना. धों. महानोर, 'रानातल्या कविता'. कोणाला द्यायची ते सांगत नाही, कपाटात समोर ठेवा, ज्याला लागंल तो नेतो. पातळ पुस्तक आहे, परत येणार नाही हे धरूनच दोन घ्या.

आंबेजोगाईची_लेक

गुरुजींची यादी चांगलीये पण आमच्या बायांना दुपारच्याला उद्ध्वस्त घरच वाचायला लावायचं का कायम, घरी तेच बघायलोत की आम्ही 😄

मी सांगते लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. माझ्या सासूबाई सहावी शिकलेल्या, डोळ्यानं अधू, मी रोज थोडं थोडं वाचून दाखवायची अन् आम्ही दोघी हसून हसून बेजार. लक्ष्मीबाईंच्या वडलांचं सोवळं, टिळकांचा वेंधळेपणा, पैसे हातात टिकत नाहीत ते, नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाल्यावर वेगळं राहणं, सगळं अशा तोऱ्यात सांगतात की दुःखाचं पान कधी आलं अन् गेलं ते नंतर ध्यानात येतं. मधी सासूबाई म्हणायच्या, थांब, हे परत वाच. शंभर वर्षांखालची बाई वाटतच नाही. ज्या सुना नवीन आल्यात अन् अजून घरात बोलत नाहीत त्यांना द्या हे पहिलं.

दुसरं स्वयंपाकाचं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' सगळ्यांकडं असतंच, वाटी-चमच्याचं माप दिलंय म्हणून नवीन पोरींना सोपं जातं, ठेवा एक. पण त्याच्या बाजूला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ठेवाच ठेवा. ते धाराशिवकडचे, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधलं जेवण त्यांनी लिहिलंय, चान्या (मांसाच्या पट्ट्या) कशा वाळवायच्या, रक्ती (रक्ताचं कालवण) कशी करायची, तेल-तूप नसताना चव कुठून आणायची, अन् हे सगळं कोणत्या पंगतीत कोणी कोणाला जेवू घातलं नाही त्या हिशोबासकट. २०१५ ला आलं, आता इंग्रजीतबी गेलंय. मी आमच्या भिशीत नेलं तर दोघी गप झाल्या अन् एक जण म्हणली आमच्या आजीच्या हातचं आहे हे सगळं, मी कधी सांगितलं नव्हतं तुम्हाला. त्यानंतर भिशीत जेवणावरच्या गप्पांना वेगळंच वळण लागलं, चांगलं का वाईट ते अजून ठरायचंय.

तिसरं, तुमच्याकडं महिला सदस्य असतीलच अन् सह्या त्यांचे मालक करत असतील तर कविता महाजनांची 'ब्र' आणा. त्या जन्मानं नांदेडच्या. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांचं काय होतं त्याच्यावर आहे. जाड आहे, धीर धरून वाचावी लागती.

शेवटचा_बाक

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, ही यादी पाहून बारावीवाली टाळकी कपाटाकडं फिरकणार पण नाहीत. पुरस्कारवाली पुस्तकं आपण वाचतो कारण आपल्याला आधी सवय लागलेली होती, अन् सवय कशानं लागली ते कोणी सांगत नाही. मला भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांनी लावली. जालन्याला मामाकडं उन्हाळ्यात गच्चीवर 'लुचाई' वाचली अन् रात्री खाली पाणी प्यायला जायची हिंमत नाही झाली. त्यांच्या समर्थ कथा असतात, समर्थ नावाचा माणूस भुताखेताशी लढतो त्या, त्या पण द्या. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्या. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' द्या, पिक्चर बघितलाय म्हणून तरी उचलतील. सातवी-आठवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचं पोरगं पुण्यात शिकायला जातं अन् भानगडीत पडतं, आपल्या पोरांना ते लगेच आपलं वाटतं कारण तेबी गावचंच आहे.

आणि तुमच्या गावच्या गुरुजींनी दिलेलं 'मृत्युंजय' मागच्या कप्प्यात लपवू नका. आमच्या गल्लीत रिक्षावाल्यानं आयुष्यात एकच पुस्तक पूर्ण वाचलं, ते हे.

उदगीरचे_गुरुजी

शेवटचा बाक, धारपांना माझा विरोध नाही, मी पण चोरून वाचलेत. पण भुताच्या पुस्तकावरून माणूस आपोआप 'पाचोळा'कडे येतो हा समज खोटा आहे. बहुतेक वेळा भुताकडून दुसऱ्या भुताकडे जातो. मधे कोणीतरी हातात ठेवावं लागतं, पोस्ट टाकणाऱ्यानं "कोणाला द्यायचं" विचारलंय ते म्हणूनच बरोबर आहे.

शेवटचा_बाक

भुताकडून भुताकडं गेला तरी वाचायलाच लागलाय ना गुरुजी. रील्सकडून रील्सकडं जाण्यापेक्षा बरं.

येलदरीकाठचा

भांडा भांडा, मला त्यातूनच नावं मिळायलीत. 'लुचाई' अन् 'पाचोळा' दोन्ही लिहून घेतलं. ताई, चान्याचं पुस्तक आमच्या आईला सांगितलं तर म्हणली पुस्तकात काय लिवायचं त्यात, मी सांगते की. आता तिलाच पहिलं देतो.

शेतीचं कोणी बोलेना. शेतकऱ्याच्या गावात शेतीचं पुस्तक नको का? अन् आकाशाचं, आमच्याकडं रात्री लाईट गेली की चांदण्या अशा दिसतात की बास, पोरं विचारतात अन् आम्हाला सप्तर्षी सोडून काही सांगता येत नाही.

कापूस_एके_कापूस

शेतीचं मी सांगतो. हिंगोली जिल्हा, कापूस होता, आता सोयाबीन अन् हळद, नाव बदलायचा कंटाळा.

पहिलं पुस्तक, अन् हे पुस्तक आहे असं कोणी धरत नाही, परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी. डायरी असते दर वर्षी निघणारी, वाण, लागवडीचं अंतर, खताची मात्रा, कीड-रोग, सगळं आपल्या भागापुरतं. १८ मेला विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो तेव्हा खरीप मेळावा अन् १७ सप्टेंबरला रब्बीचा, तिथं जा, बियाण्याच्या लाईनीत उभं राहायच्या आधी डायरी घ्या. कपाटात दर साली नवी पाहिजे, जुनी फेकू नका, जुन्या वाणांची नावं त्यात राहतात. ही दुकानदाराच्या सल्ल्यानं फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला.

वाचायचं पुस्तक म्हणाल तर वीणा गवाणकर, 'एक होता कार्व्हर'. १९८१ पासून छापायलेत. शाळेत बक्षीस म्हणून पोरांना देतात अन् पोरं चरित्र म्हणून वाचतात, गुलामाचं पोर, कष्ट केले, मोठा झाला, संपलं. मी तिशीनंतर शेतकरी म्हणून वाचलं तर ते पुस्तक जमिनीचं निघालं. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन जमिनी मेल्या होत्या, हा कार्व्हर टस्कीगीच्या कॉलेजात आला अन् म्हणला भुईमूग लावा, रताळी लावा, जमिनीला नत्र परत द्या. लोकांनी भुईमूग लावला तर त्याला गिऱ्हाईक नाही, मग हा प्रयोगशाळेत बसून भुईमुगाचं काय काय करता येईल ते शोधत बसला. अन् घोडागाडीत सामान भरून शेतकऱ्याच्या बांधावर जायचा, तिथं करून दाखवायचा. आपल्याकडं कापसाची सलग किती वर्षं झाली ते मोजा अन् मग हे वाचा. ज्याच्या घरी कृषी डिप्लोमावालं पोरगं बसून आहे त्या घरात द्या, बापाला पण अन् पोराला पण.

मग फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. 'विद्येविना मती गेली' सगळ्यांना भिंतीवर पाठ आहे पण ते ज्या पुस्तकाच्या सुरुवातीला आहे ते पुस्तक किती जणांनी उघडलं? भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं जड जातील, पण कुणबी कर्जात कसा जातो अन् कचेरीतले लोक त्याला कसे फिरवतात ते वाचताना तारीख बघावी लागते. सरकारी प्रकाशनात फुल्यांचं समग्र वाङ्मय मिळतं, किंमत अगदी कमी. पारावर द्या.

कादंबरी पाहिजे तर सदानंद देशमुखांची 'बारोमास'. बुलढाण्याकडची, म्हणजे आमच्या शेजारची. शिकलेलं पोरगं, नोकरी नाही, शेतीत भागत नाही, घरातल्या घरात धुसफूस. खरं सांगू का, ज्याच्यावर बँकेची नोटीस आलीय त्याला आत्ता देऊ नका, थोडा निवांत झाल्यावर द्या. बाकी अधिकाऱ्यांना कधीही द्या.

अन् पाण्यावर एकच, अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब'. हिंदीत आहे पण हिंदी आपल्याला जड नाही, निजामाच्या राज्यातले आपण. राजस्थानापासून जुनी तळी कोणी बांधली, गाळ कोण काढायचं, त्या लोकांना काय मान असायचा ते सगळं. लेखकानं हक्क राखून ठेवलेच नाहीत, कोणीही छापा म्हणून सांगितलं, त्यामुळं फुकट पण मिळतं. तुमच्या तालुक्यात चारठाण्याला जुन्या बारवा-मंदिरं हायेत, हे वाचून तिकडं पोरांची ट्रिप काढा. जलसंधारणाचं बिल काढणाऱ्याला हे पुस्तक वाचून काही फरक पडत नाही, अनुभव आहे.

लाईट_गेली

आकाशासाठी जयंत नारळीकर, 'आकाशाशी जडले नाते'. मोठं पुस्तक आहे, फोटो-आकृत्या आहेत, आणि मराठीतच विचार करून लिहिलंय त्यामुळे वाक्य अडत नाही. मी आता पुण्यात आयटीत आहे, इथे रात्री आकाश असं नसतंच, गावाकडे आलो की ते पुस्तक घेऊन गच्चीत बसतो. एक टोळकं जमवा, सातवी-आठवीचे पाच जण निवडा, महिन्यातून एक अमावास्येची रात्र, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी वर बघायचं.

आणि गोष्टी पाहिजेत तर त्यांचंच 'यक्षांची देणगी'. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेचा किस्सा पोरांना सांगा. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती, नारळीकर तेव्हाच एवढे प्रसिद्ध की नावावर बक्षीस मिळालं असं कोणी म्हणू नये म्हणून स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून "नारायण विनायक जगताप" नावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. कथेचं नाव 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस आलं. आमच्या शाळेत निबंधस्पर्धेला कोणाचं नाव बघून नंबर काढायचे ते आठवलं.

विज्ञानाचा एकूण इतिहास पाहिजे तर अच्युत गोडबोले यांचं 'किमयागार', शास्त्रज्ञांची माणूस म्हणून ओळख होते, भांडणं-मत्सरासकट. बारावी सायन्स होऊन नीट परीक्षेची दुसरी-तिसरी वेळ चालू असणाऱ्यांना द्या. लातूरला दोन वर्षं राहून फिजिक्सच्या हजार एमसीक्यू सोडवणाऱ्या माझ्या भावाला न्यूटन कसा माणूस होता ते यातून पहिल्यांदा कळलं, आधी वेळच नव्हता म्हणे.

डॉक्टरकीत डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. बीपीची गोळी चालू आहे आणि तंबाखू पण चालू आहे अशा सगळ्यांना. लहान आहे.

गुलमंडीचा_चहा

भाईलोग इतिहास राहिला. छत्रपती संभाजीनगरहून, आमचे अब्बा अजून औरंगाबादच म्हणतात, चालू द्या.

नरहर कुरुंदकर. नांदेडला प्राध्यापक होते, मूळ कुरुंद्याचे, वसमतजवळ. 'जागर', 'शिवरात्र', 'व्यासांचे शिल्प' सगळी भारी हायेत पण एकदम ती दिली तर माणूस दबकतो. सुरुवात 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य'नं करा. पातळ पुस्तक, तासा-दोन तासात होतं. चमत्कार नाही, आरडाओरडा नाही, महाराज एवढे मोठे का ते जमीन, महसूल, रयत धरून सांगतात. १९ फेब्रुवारीला डीजे लावणारी जी पोरं आहेत ना, त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षाला द्या, अन् द्यायचं ते जयंतीच्या महिनाभर आधी. ज्यांनी रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' वाचलीय त्यांनी तिची प्रस्तावना बहुतेक गाळलेली असते, ती कुरुंदकरांचीच आहे, पत्राच्या रूपात, कादंबरी बाजूला ठेवून नुसती ती वाचा.

मग मराठवाडा मुक्तिसंग्राम, निजामाच्या राजवटीतून सुटायचा लढा. १७ सप्टेंबरला झेंडा सगळे लावतात, पण नेमकं काय झालं विचारलं की रझाकार अन् पोलीस ॲक्शन, दोन शब्दात संपतं. अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' घ्या. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक, स्वतः लढ्यात होते, त्यामुळं ऐकीव नाही. मोठं आहे. ते झेपलं नाही तर नरेंद्र चपळगावकरांचं 'संस्थानी माणसं', एकेका माणसावर एकेक लेख, जुन्या हैदराबाद राज्यातली माणसं, कोण कुठल्या बाजूला का होतं ते कळतं. ते बीडचे, हायकोर्टात न्यायाधीश होते, वाक्य तोलून लिहायचे. स्वामी रामानंद तीर्थांवर त्यांचंच 'कर्मयोगी संन्यासी' आहे. हे पारावरच्या म्हाताऱ्यांना द्या, म्हणजे ते वाचता वाचता स्वतःच्या बापाच्या गोष्टी सांगायला लागतील, अन् तेव्हा कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करा, तेवढं तरी मोबाईलचं काम होऊ द्या.

सेतुमाधवराव पगडींचं आत्मचरित्र 'जीवनसेतू' माझं सगळ्यात आवडतं. निलंग्याचा माणूस, निजामाच्या नोकरीत अधिकारी, फारसी-उर्दू-तेलुगू-कानडी सगळं येतं, आदिलाबादकडं बदली झाली तर गोंडी अन् कोलामी शिकून त्यावर लिहिलं. बदली झाली की आपल्याकडचे साहेब आधी क्वार्टर कसं आहे विचारतात. तलाठी-ग्रामसेवक होऊ पाहणाऱ्यांना हे द्या, ठोकळ्यापेक्षा कामाचं.

मुसलमान घरातलं पण एक पाहिजे, नाहीतर आमची मराठी फक्त दर्ग्याच्या उरुसापुरतीच दिसते. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे'. हमीद दलवाईंच्या बायको, साध्या बोलण्यात सगळं आयुष्य सांगितलंय, नवरा समाजसुधारक असला की घर कोण चालवतं ते पण. आमच्या अम्मीला मराठी वाचायला वेळ लागतो तरी तिनं पूर्ण केलं, अन् पूर्ण झाल्यावर अब्बाकडं बघून म्हणली, देखो, उन्होंने तो लिख डाला.

आंबेजोगाईची_लेक

अम्मींचं वाक्य वाचून इथं चहा सांडला 😂 दादा 'मी भरून पावले आहे' मी पण सांगणार होते.

नाथसागर_पाणकावळा

पैठणकडून. आमच्याकडं हिवाळ्यात पक्षी बघायला बाहेरून गाड्या येतात अन् आम्ही त्यांना कणसं विकतो. मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' वाचलं अन् मग मी कणसं सोडून दुर्बीण घेतली, सेकंडहँड. वनखात्यात नोकरी केलेला माणूस, जंगलातल्या लोकांकडून शिकून लिहायचा, त्यामुळं पक्ष्याचं गावाकडचं नावपण मिळतं. येलदरीच्या पाण्यावर तुमच्याकडंबी येतच असतील, गुराख्याच्या पोराला द्या हे, त्याला आधीच अर्धं माहीत असतं.

अन् धरणात जमिनी गेलेली घरं जवळपास असतील तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती'. आमचे आजोबा वाचत नव्हते, त्यांना वाचून दाखवलं तर मधेच म्हणले बंद कर, मला हे माहीत आहे. जायकवाडीत आमचं जुनं गाव गेलंय.

वारकऱ्यांसाठी रा. चिं. ढेरे, 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. विठ्ठल मुळात कुठला, कानडी मुलखाशी, गवळी-धनगरांशी त्याचं नातं काय, याच्यावर. काही लोकांना राग येईल. आमच्या दिंडीतल्या बुवांनी वाचलं अन् म्हणले, कुठून का आला असेना, उभा आपल्यासाठी राहिला. तुळजापूरला जाणारे असतील तर ढेऱ्यांचं 'श्री तुळजाभवानी' पण आहे. दोन्ही अभ्यासाची पुस्तकं, हळूहळू वाचायची.

कपाटाची_चावी

मी एका ब वर्ग वाचनालयात बरीच वर्षं काम करते, म्हणून पुस्तकं कमी आणि बाकीचं जास्त सांगते.

पंधरा हजार एकदम संपवू नका. आत्ता आठ-नऊ हजाराची घ्या, बाकी राखून ठेवा, कारण काय चालतंय ते दोन-तीन महिन्यांनीच कळतं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, मंडळाची बरीचशी त्यांच्या वेबसाईटवर फुकट वाचायला पण आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाईन आहे, त्याचे खंड विकत घ्यायच्या फंदात पडू नका, एक क्यूआर कोड प्रिंट करून कपाटाच्या दारावर चिकटवा.

पोस्टानं मागवायचं तर मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. काउंटरवर नाव घेऊन मागा, नाहीतर सवयीनं स्पीड पोस्ट करून टाकतात.

कपाट भिंतीला चिकटवू नका आणि खाली दोन विटा घाला, काळ्या मातीतली ओल वर चढते आणि वाळवी लोखंडाच्या मागून येते. नोंदवहीत नाव, तारीख एवढंच, दंड ठेवू नका. दंड लावला की माणूस पुस्तकासकट गायब होतो. आणि पुस्तकं सगळी खोलीत कशाला, पाच-सहा कटिंगच्या दुकानात ठेवा, रविवारी तिथं तास-तास नंबर लागतो.

पुस्तक एकच सांगते, 'तोत्तोचान'. जपानमधली खरी शाळा, रेल्वेच्या डब्यात वर्ग, एका शाळेनं काढून टाकलेली मुलगी आणि तिचं चार तास बोलणं ऐकून घेणारे मुख्याध्यापक. मराठीत नॅशनल बुक ट्रस्टचं आहे. पोरांना नका देऊ आधी, जिल्हा परिषदेच्या मॅडमना द्या. आमच्याकडे हे सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक आहे.

येलदरीकाठचा

कटिंगच्या दुकानाचं एक नंबर सांगितलं ताई, आमचा न्हावी माझा वर्गमित्रच आहे, त्याला 'लुचाई' ठेवायला देतो, दाढी अर्धी झाल्यावर बी लोक उठायचे नाहीत. हॉटेलवाल्याला 'आलोक' ठरलं. पोलीस पाटलाला 'उचल्या' द्यायची माझी टाप नाही, ते गुरुजी तुम्ही येऊन द्या.

प्रवासाचं कोणी सांगितलं नाही पण. आमच्याकडं बायांना पंढरपूर, तुळजापूर, माहूर सोडून कुठं जायला मिळत नाही.

लाईट_गेली

मीना प्रभू. 'तुर्कनामा', 'चिनी माती', कोणतंही उचला. एकटी बाई हिंडते आणि रस्ता चुकली, पैसे गेले, ते पण सांगते.

उदगीरचे_गुरुजी

पोलीस पाटलाचं मी बघतो, तारीख कळवा.

प्रवासाला विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. कोकणातल्या वरसईचा भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे आणि दक्षिणा भरपूर मिळेल असं कळल्यावर काकांबरोबर निघाला, आणि पोचला तो नेमका १८५७ च्या बंडात. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत. लुटला गेला, उपाशी राहिला, आणि एवढं होऊन आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परत आला. १८८३ ला लिहून काढलं पण छापलं गेलं १९०७ ला. सैन्य कुठून कुठे गेलं हे इतिहासाच्या पुस्तकात मिळतं, बाजारात त्या दिवशी काय मिळत होतं आणि विहिरीवर काय दिसलं हे यातच मिळतं. पारावर मोठ्यानं वाचायला उत्तम, रोज एक मुक्काम.

शेवटचा_बाक

गुरुजी हे मात्र मान्य. माझ्याकडं याच्या दोन प्रती झाल्यात, एक लग्नात आलेली. येलदरीकाठचे, पत्ता मेसेजमधी टाका, ज्ञान पोस्टानं पाठवतो, सोबत धारपांची पण दोन टाकतो.